१९६७ ची शेव्हेल: इंजिन खरंच ३२७ आहे का, गिअरबॉक्स खरंच मन्सी आहे का?

सिंहगड_रोड

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये लॅन्सिंगजवळ राहतो. तीन वर्षांपासून शेवरलेट कंपनीची जुनी शेव्हेल शोधतोय, आणि आता एक हाताशी आली आहे. १९६७ ची मालिबू (शेव्हेलचाच एक प्रकार), दोन दारांची हार्डटॉप. एका शेतकरी आजोबांच्या कोठारात बरीच वर्षं उभी होती, पण चालू आहे. त्यांचं म्हणणं असं की इंजिन ३२७ घनइंचांचं व्ही-८ आहे, गिअरबॉक्स चार गिअरचा मन्सी आहे आणि दोन्ही कारखान्यातून आलेले, मूळचे आहेत. किंमतही त्याच हिशेबाने सांगितली आहे.

मी जे पाहिलं ते लिहितो. दाराच्या बिजागरीच्या खांबावरच्या पट्टीवर नंबर १३६१७ ने सुरू होतो. एअर क्लीनरवर ३२७ चा स्टिकर आहे. टॅपेट कव्हरं क्रोमची. तेल ओतायची नळी इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाला आहे. दोन्ही हेडच्या टोकांना दोन वशिंडांसारखी उठावाची खूण आहे. गिअरचा दांडा फ्लोअरवर, हर्स्ट कंपनीचा.

शनिवारी परत जाणार आहे. आजोबांनी गाडी वर उचलून बघायला परवानगी दिली आहे. नेमकं काय बघू? फोटो टाकले आहेत.

चौकस

गाडी सुरेख आहे! धागा वाचतोय. एक प्रश्न: चासी नंबरवरून इंजिन कळत नाही का?

जुना_लोहार

चौकस, शेवरलेटच्या बाबतीत १९६७ साली नाही. १३६१७ मधला १३६ एवढंच सांगतो की ही व्ही-८ मालिबू आहे. सहा सिलिंडरची असती तर १३५ आला असता, एसएस ३९६ असती तर १३८. व्ही-८ म्हणजे २८३ की ३२७, हे त्या नंबरात लिहिलेलंच नाही. शेवरलेटने इंजिनासाठी पाचव्या जागेवर अक्षर द्यायला १९७२ पासून सुरुवात केली. त्याआधीच्या गाड्यांना लोखंडच वाचावं लागतं.

सिंहगड_रोड, सगळ्यात आधी स्टिकर आणि क्रोम विसरा. एअर क्लीनर एका नटावर बसतो, टॅपेट कव्हर चार बोल्टवर. शेवरलेटचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ आलं १९५५ साली, २६५ घनइंचांचं. मग २८३, ३२७, ३०७, ३५०, ४०० असं वाढत गेलं आणि बाहेरून सगळे भाऊ एकसारखेच दिसतात. एकाचे भाग दुसऱ्यावर बसतात. हे त्या इंजिनाचं मोठेपण आहे आणि विकत घेणाऱ्याची अडचणही तीच आहे.

माझी बावीस वर्षं कोल्हापूरला शिरोलीच्या ओतशाळेत गेली, नंतरची ओहायोत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्लॉकवर दोन जातींचे नंबर असतात: ओतलेले आणि ठोकलेले. ओतलेला नंबर उठावाचा असतो. पॅटर्नवर, म्हणजे साचा घडवायच्या नमुन्यावर अंक असतात, वाळूत त्यांचा ठसा पडतो, बिडाचा रस ओतला की ब्लॉकवर ते उठून येतात. तो नंबर त्या ओतकामाचा, एका इंजिनाचा नव्हे. हजारो ब्लॉकवर तोच असतो. त्याच्या जवळपास तारीख असते. तिचे अंक सुटे असतात, पॅटर्नवर रोज बदलले जातात. ठोकलेला नंबर मात्र खोलगट असतो. ब्लॉक मशीनिंग होऊन इंजिन जोडलं गेलं की सपाट केलेल्या पट्टीवर पंचाने ठोकतात.

कुठे शोधायचं:

ओतीव नंबर ब्लॉकच्या मागच्या बाजूला, जिथे बेल हाउसिंग (क्लचवरचं केसिंग) चिकटतं त्या कडेवर, ड्रायव्हरच्या अंगाला. वरून हात घालून, आरसा धरून बघा. सात अंकी असेल. तारीख बहुतेकदा त्याच कडेवर, दुसऱ्या अंगाला. पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा अंक. ‘सी १४ ७’ म्हणजे १४ मार्च, साल ७ ने संपणारं. दशक कुठलं, ते ओतीव नंबरावरून ठरवायचं.

ठोकलेला नंबर पुढे, पॅसेंजरच्या अंगाच्या हेडच्या अगदी पुढे ब्लॉकची छोटी सपाट पट्टी असते तिथे. ६७ साली ऑल्टरनेटर ड्रायव्हरच्या बाजूला असायचा, त्यामुळे तुम्हाला ती सहज दिसावी. १९६९ पासून ऑल्टरनेटर पॅसेंजर बाजूला गेला आणि पट्टी त्याच्यामागे लपली. पट्टीवर पहिलं अक्षर कारखान्याचं, व्ही म्हणजे फ्लिंट, टी म्हणजे टोनावांडा. मग चार अंक, महिना आणि दिवस. शेवटची अक्षरं इंजिनाचा प्रकार सांगतात. उदाहरणार्थ १९६९ च्या झी-२८ कॅमॅरोच्या ३०२ इंजिनावर डीझेड असतं.

एक विनंती. ती पट्टी तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. रॉकेलचा बोळा आणि प्लास्टिकची पट्टी पुरे. कारखान्यात ती सपाट करताना हत्याराच्या बारीक समांतर रेघा पडतात. त्या रेघा आहेत तोवर नंबर मूळचा असल्याचा पुरावा आहे. कुणी ग्राइंडर फिरवून नवीन अंक ठोकले असतील तर रेघा गेलेल्या दिसतील. ब्लॉकचा माथा मशीनवर घासला असेल तर पट्टी कोरी सापडेल.

मग क्रम लावा. ब्लॉक आधी ओतला जातो, नंतर इंजिन जोडलं जातं, त्यानंतर गाडी बनते. गाडीची वेळ फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवरच्या) पत्र्याच्या पट्टीवर असते: महिन्याचे दोन अंक आणि आठवड्याचं एक अक्षर. ०३बी म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. या क्रमात एक जरी तारीख गाडीच्या नंतरची निघाली, तर ते इंजिन त्या गाडीबरोबर जन्मलेलं नाही.

चौकस

ओतीव नंबरावरून घनइंच कळतात ना पण?

जुना_लोहार

नेहमी नाही. ३२७ आणि ३५० दोघांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, चार इंचच. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या वरखाली चालीचा आहे, ३.२५ आणि ३.४८ इंच; तो ठरतो क्रँकवरून, पिस्टन ज्या दंडाला जोडलेले असतात त्यावरून. ब्लॉक एकच चालतो. ३९७००१० हा नंबर तर इतका प्रसिद्ध आहे की लोक नुसतं ‘शून्य-एक-शून्य’ म्हणतात. १९६९ पासून सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत तो चालला, आणि त्यावर ३०२, ३२७, ३५० तिन्ही बनली. ३०२ आणि ३२७ फक्त सुरुवातीच्या काळात. म्हणून ओतीव नंबर आणि ठोकलेली अक्षरं दोन्ही लागतात.

रानजाई

फोर्डवाल्यांसाठी थोडी भर घालते. मी टोरंटोजवळ असते, घरी १९६६ ची गॅलक्सी आहे.

बॉनेट उघडल्यावर मी आधी डिस्ट्रिब्युटर शोधते. शेवरलेटच्या व्ही-८ ला तो मागे, फायरवॉलला टेकलेला. फोर्डच्या २८९, ३९०, ४२९ वगैरेंना पुढे. क्रायस्लरच्या ३१८, ३४०, ३६० ला मागे, पण त्यांच्याच मोठ्या ३८३ आणि ४४० ला पुढे. पाँटियॅकला मागे. कंपनीच्या खुणा पुसल्या गेलेल्या इंजिनालाही यातून अर्धं नाव मिळतं.

मग टॅपेट कव्हरचे बोल्ट मोजते. फोर्डमध्ये हे मला फार आवडतं: एफई घराण्याच्या ३५२, ३९०, ४२८ ला एका बाजूला पाच, २८९, ३०२ आणि ३५१ विंडसरला सहा, ४२९ आणि ४६० ला सात, ३५१ क्लीव्हलँडला आठ. विंडसर-क्लीव्हलँडचा गोंधळ नेहमी होतो. त्याला दुसरी खूण म्हणजे रेडिएटरची वरची नळी. विंडसरमध्ये ती इनटेकच्या पुढच्या टोकाला जाते, क्लीव्हलँडमध्ये थेट ब्लॉकमध्ये.

ओतीव आकड्यावर विश्वास ठेवून मी एकदा फसणार होते. माझ्या गॅलक्सीच्या ब्लॉकच्या पुढे मोठ्या अक्षरांत ३५२ ओतलेलं आहे. मालकाने ३९० म्हणून विकली होती. मला वाटलं खोटं बोलला. व्यवहार मोडायला निघाले होते. मग एका जाणत्या मेकॅनिकने सांगितलं की एफई घराण्यातल्या बहुतेक ब्लॉकवर ३५२ च ओतलेलं असतं, आत काही का असेना. पुढे हेड काढलं तेव्हा बोअर ४.०५ इंच आणि स्ट्रोक ३.७८ भरला. ३९० च होतं. तो माणूस खरं सांगत होता, आणि मी त्याच्याशी फोनवर ज्या सुरात बोलले त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मस्टँगवाल्यांचं सोपं. चासी नंबरातलं पाचवं अक्षर: सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्बुरेटरचं २८९, ए म्हणजे चार बॅरलचं, के म्हणजे हाय परफॉर्मन्स. पण तो गाडीचा जन्मदाखला झाला. आज आत काय बसलंय, ते ब्लॉकच सांगेल.

सिंहगड_रोड

लोहारकाका, रानजाई, मनापासून आभार. प्रिंट काढून घेतो. गिअरबॉक्सचंही सांगा ना. आजोबा ‘मन्सी’ हा शब्द फार प्रेमाने उच्चारतात.

जुना_लोहार

उच्चारणारच. इंडियानातल्या मन्सी गावावरून नाव पडलं. १९६३ ला आला. त्याआधी १९५७ पासून शेवरलेट बोर्ग-वॉर्नरचा टी-१० वापरायची.

बरोबर एक लोहचुंबक न्या. मन्सीचं केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, चुंबक चिकटणार नाही. चिकटलं तर तिथेच शंका घ्या.

मग ड्रायव्हरच्या अंगाचं साइड कव्हर बघा. मन्सीला सात बोल्ट, टी-१० ला नऊ. सॅगिनॉ गिअरबॉक्सलाही सातच, म्हणून नुसत्या मोजणीवर थांबू नका. खरी खूण रिव्हर्सच्या लिव्हरची. मन्सीत दोन लिव्हर कव्हरवर आणि रिव्हर्सचा तिसरा मागे शेपटीच्या भागावर असतो. सॅगिनॉत तिन्ही लिव्हर कव्हरवरच, आणि केसिंग बिडाचं. तो कमी ताकदीच्या इंजिनांबरोबर दिला जायचा.

मन्सी निघालाच तर पुढे त्याच्यातही तीन प्रकार आहेत. एम-२० चा पहिला गिअर २.५२, एम-२१ चा २.२०. एम-२२ चाही २.२०, पण त्याच्या दातांचा तिरकस कोन कमी, म्हणून ताकद जास्त आणि आवाज मोठा. त्या आवाजावरून त्याला दगडफोड्या म्हणतात. १९६६ ते ७० च्या गाड्यांत इनपुट शाफ्टवरच्या खाचा मोजतात, एम-२० ला दोन, एम-२१ ला एक, एम-२२ ला एकही नाही. पण त्यासाठी बॉक्स उतरवावा लागतो, आणि शाफ्टही बदललेला असू शकतो.

न उतरवता रेशो काढायची पद्धत सांगतो. गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. सगळे प्लग काढा, बॅटरीची तार काढा. पहिला गिअर टाका. पुढच्या पुलीवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. आता पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक हाताने फिरवा. एकाने वर मोजायचं, एकाने खाली. शाफ्टचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत क्रँकचे अडीच फेरे झाले तर २.५२. दोन फेरे आणि वर पाचवा हिस्सा, तर २.२०. तीनच्या थोडं आत म्हणजे २.८५, आणि तीनच्या थोडं पुढे गेलं तर ३.११. हे शेवटचे दोन सॅगिनॉचे. शाफ्टचे पाच-सहा फेरे घेऊन भागाकार केलात तर चूक कमी होते.

रानजाई

फोर्डसाठी एक ओळ: १९६४ पासूनच्या टॉपलोडर गिअरबॉक्सला झाकण वर असतं, साइडला नाही. झाकणाचे बोल्ट दहा असतील तर चार गिअरचा, नऊ असतील तर तीन गिअरचा.

सिंहगड_रोड

शनिवारी रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

फायरवॉलची पट्टी: ०३बी. म्हणजे गाडी मार्च १९६७ ची.

ब्लॉकचा ओतीव नंबर: ३९७००१०. आरशात वाचताना आधी विश्वासच बसला नाही, तीन वेळा वाचला. तारीख ‘के २० २’. पुढची पट्टी स्वच्छ, बारीक रेघा जागेवर. व्ही १२०४, आणि मग टी ने सुरू होणारी तीन अक्षरं.

हेड: बायकोने सुचवलं की टॅपेट कव्हर काढतोच आहोत तर हेडचाही नंबर बघू. ३८९०४६२. तारीख ‘एल ८ ६’.

गिअरबॉक्स: चुंबक टक्कन चिकटलं. तिन्ही लिव्हर साइड कव्हरवर. शाफ्टच्या सहा फेऱ्यांना क्रँकचे सतरा फेरे आणि वर थोडं. भागाकार २.८५.

आजोबा सगळा वेळ शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी चुंबक लावलं तेव्हा ते काही बोलले नाहीत.

जुना_लोहार

शाबास. इतकी नीट तपासणी मी क्वचित वाचली आहे, आणि वहिनींना खास शाबासकी. आता जोडून बघू.

के म्हणजे नोव्हेंबर. २ ने संपणारं साल, आणि शून्य-एक-शून्य ब्लॉक, म्हणजे २० नोव्हेंबर १९७२. दोनच आठवड्यांनी, ४ डिसेंबरला, फ्लिंटला इंजिन जोडलं. क्रम बरोबर बसतो आणि रेघा शाबूत आहेत, म्हणजे या ब्लॉकवर कुणी लबाडी केलेली नाही. १९७० पासून ही अक्षरं तीन झाली आणि पहिलं अक्षर सी असेल तर कार, टी असेल तर ट्रक. हा ब्लॉक १९७३ च्या मॉडेलच्या ट्रकचा, बहुधा पिकअपचा. ७२ च्या शेवटी या ब्लॉकवर ३२७ बनत नव्हतं. तुमचं इंजिन ३५० आहे.

पण हेड बघा राव! एल ८ ६ म्हणजे ८ डिसेंबर १९६६. गाडी मार्च ६७ ची. हे दोन वशिंडांचं ४६२ हेड त्या काळात ३२७ वर यायचं. तेल ओतायची नळी इनटेकला, हीसुद्धा ६७ पर्यंतची रीत, पुढे ती टॅपेट कव्हरवर गेली. म्हणजे वरचा मजला गाडीच्या वयाचा आहे आणि खालचा पाच-सहा वर्षांनी लहान. माझा अंदाज असा की गाडीत ३२७ होतं, त्याचा ब्लॉक कधीतरी गेला, आणि कुणीतरी पिकअपचा ब्लॉक आणून मूळ हेड आणि इनटेक त्यावर चढवले. सिद्ध करता येणार नाही, पण तारखा त्याच दिशेला बोट दाखवतात.

गिअरबॉक्स सॅगिनॉ, यात शंकाच नाही.

चौकस

मग आजोबांनी फसवलं म्हणायचं का?

रानजाई

मी तरी लगेच तसं म्हणणार नाही. माझी गॅलक्सी आठवते. सिंहगड_रोड, त्यांनी गाडी नवी घेतली होती की कुणाकडून?

सिंहगड_रोड

आज रविवारी फोन केला होता. त्यांनी १९८८ ला दुसऱ्या मालकाकडून घेतली होती, ‘३२७ आणि मन्सी’ असं सांगूनच. इतकी वर्षं तेच मानत आले. मी सगळे आकडे वाचून दाखवले. बराच वेळ शांत राहिले, मग म्हणाले, “मग किंमत बदलायला हवी.” मी न मागता त्यांनी स्वतः चौथा हिस्सा कमी केला. मी हो म्हटलं आहे.

एक ओळखीचा माणूस म्हणाला की ६७ चा ब्लॉक शोधून त्यावर हवे ते अंक ठोकून मिळतील, मग गाडी दुप्पट किमतीला जाईल. त्याबद्दल काय वाटतं?

जुना_लोहार

नको. स्पष्ट सांगतो, नको. अंक नव्याने ठोकून मूळचा म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. शिवाय आज तुमच्याकडे जी खरी कहाणी आहे, तारखांसकट, ती कायमची पुसली जाईल. ३९ वर्षं ओतकामात काढली. ज्यांनी फ्लिंटला त्या दिवशी पंच हातात धरला त्यांचं काम आहे ते. त्यावर दुसऱ्याने हात फिरवू नये.

१९६७ चा योग्य तारखेचा ब्लॉक मिळाला तर जरूर बसवा. त्या वर्षी ३८९२६५७ हा ओतीव नंबर ३२७ ला सापडतो. पण बसवलात तर ‘त्या काळचा’ म्हणा, ‘मूळचा’ म्हणू नका.

रानजाई

आणि तोवर ३५० मजेत चालवा. सुटे भाग सगळीकडे मिळतात. सॅगिनॉवर क्लच झटक्याने सोडून टायर जाळू नका, एवढंच. शांतपणे चालवणाऱ्याला तो वर्षानुवर्षं साथ देतो.

कुर्ल्याचा_फिटर

धागा उशिरा वाचला. मी मुंबईत असतो. आमचे वडील कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. वालचंद हिराचंदांचा कारखाना. १९४७ पासून तिथे क्रायस्लरच्या परवान्याने प्लिमथ, डॉज, डिसोटो जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सचं शिवडीचं काम त्याहून जुनं, १९२८ चं.

आमच्या घरी चाळीसच्या दशकातली प्लिमथ आहे, उजव्या स्टिअरिंगची, कॉलमवर तीन गिअर. आतलं इंजिन सपाट हेडचं, सहा सिलिंडरचं. ते तिचंच आहे का, हे मला कुणी सांगू शकलं नाही. इथे कितीतरी अमेरिकन गाड्यांत पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिनं बसली, त्यामुळे सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे हेच लोक पुरेसं मानतात. मला पुरेसं वाटत नाही. कुठून सुरुवात करू?

जुना_लोहार

फिटरसाहेब, मोजपट्टी घ्या आणि हेडची लांबी मोजा. क्रायस्लरच्या या इंजिनाच्या दोन लांब्या होत्या. अमेरिकेत बनलेल्या प्लिमथ आणि डॉज गाड्यांना साधारण २३ इंची. डिसोटो, क्रायस्लर, मोठे ट्रक आणि कॅनडात बनलेल्या प्लिमथ-डॉज यांना २५ इंची.

मग स्ट्रोक. सहाव्या सिलिंडरच्या वर हेडमध्ये एक पाइप प्लग असतो. तो काढून सरळ सळई आत सोडा, क्रँक हाताने फिरवा, पिस्टन सर्वात खाली आणि सर्वात वर असताना सळईवर खूण करा. सळई वाकडी होऊ देऊ नका. २३ इंचीत ४⅜ आला तर २१८, ४⅝ आला तर २३०. कॅनडाचं २१८ वेगळं, त्याचा बोअर मोठा आणि स्ट्रोक ४ १/१६. घनइंच तेच, इंजिन दुसरं.

शेवटी ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढे, हेडच्या खाली छोटी पट्टी आहे. रंग अलगद काढा. १९४६ ते ४८ च्या प्लिमथला पी१५ ने सुरू होणारा नंबर असतो, डॉजला डी२४.

कुर्ल्याचा_फिटर

मोजलं. मुलाला बरोबर घेऊन केलं, त्यानेच सळईवर खुणा केल्या. हेड २५ इंच. स्ट्रोक सव्वाचार, तीनदा मोजला, तीनदा तेवढाच.

रेडिएटरच्या चौकटीत जुनी भोकं रिकामी आहेत, तो दीडेक इंच पुढे सरकवलेला आहे. ही भोकं मी लहानपणापासून बघतोय, कारण आज कळलं.

पट्टीवर रंगाचे चार थर होते. वडिलांचा रॉकेलचा डबा काढला, दोन तास बोळा फिरवत बसलो. एस११ आहे.

जुना_लोहार

एस११ म्हणजे डिसोटो, ४६ ते ४८. २३७ घनइंच. लांबी आणि स्ट्रोक दोन्ही जुळतात.

कुर्ल्याचा_फिटर

वडिलांच्या कपाटात कारखान्यातल्या दिवसांची एक वही आहे. संध्याकाळी काढतो, त्यात काही नोंद सापडते का बघतो.